पेटी उघडायची घाई

— नाही, पेटी उघडायच्या कागदावर सही करत नाही असं कुठं म्हणालो मी? करणारच आहे. बस आधी. ती नको, ती डुगडुगते, ही खुर्ची घे. तुझा मार्गदर्शक मी, तुझा प्रबंध माझ्यापायी अडकलाय, हे काय मला कळत नाही? कळतं गं. पण घाई कशाला — मेसॉन काय पळून चाललेत? यंत्रात कणांची टक्कर झाली, मेसॉन जन्मले, फुटले, तुकडे मोजून झाले — आता ऊर्जेचा हिशोब कुठं कमी पडतो तेवढंच बघायचं. कमी पडला तर कुणीतरी न दिसणारा नवा पाहुणा हळूच निसटला म्हणायचं. आणि नेमकी तीच आकडेवारी आपण पेटीत बंद करून ठेवलीय — का? तर मन लबाड असतं, आधी बघितलं की हवं तेच दिसायला लागतं. नियम माझाच आहे तो. चांगलाच आहे.

तू म्हणशील, सगळ्या तपासण्या झाल्या. झाल्या ना! पण यंत्राच्या त्या दोन कप्प्यांमधली फट — तिथनं एखादा साधासुधा फोटॉन सटकला, आणि आपण त्यालाच नवा कण समजून नाचत बसलो तर? हो, तू दोनदा तपासलीस ती. तिसऱ्यांदा बघितलीस तर काय हात झिजतील? अशी बघू नकोस माझ्याकडे. सासूबाई अशाच बघायच्या — ‘जावई काहीतरी शोधतायत, सापडलं की सांगतील’ म्हणायच्या चारचौघांत. बिचाऱ्या वाट बघून गेल्या. मुलगी अजून फोनवर विचारते, बाबा, मिळालं का? मी म्हणतो, अगं, अजून बघितलंच नाही! इतकं सोयीचं उत्तर दुसरं नाही — बघितलं नाही, म्हणजे असूही शकतं. उद्या पेटी उघडली, आत काहीच नसलं, तर काय सांगू तिला? की बाबा जन्मभर... जाऊ दे. विषय तो नाहीच. विषय फटीचा आहे.

काय? सही नकोच आहे? प्रयोगाच्या समितीनंच उघडायची परवानगी दिली? आज सकाळी? — मग तू इथं कशाला... हां. मी शेजारी बसावं म्हणून. सगळे खाली माझ्यासाठी खोळंबलेत?

छे, छे, मला कुठला वेळ, हा टेबलावरचा ढीग बघ. तुम्हीच उघडा. नीट उघडा. ऊठ, पळ आता, आणि दार ओढून घे. — आणि ऐक. आत काही नसलं, तर लगेच धावत सांगायला येऊ नकोस. माझं जेवण होऊ दे आधी.