लाल दिव्याचं बटण

लंडनमधल्या हाउन्सलोच्या बसमध्ये मागच्या सीटवरून मराठी ऐकू आलं, तसा सुहासिनीने फोन पर्समध्ये टाकला. सासरे आणि सून नवा हीटर आणायला निघाले होते.

“बाबा, आपल्या बिल्डिंगमध्ये गॅसवरचं हीटिंग नाही. घरात जुना स्टोरेज हीटर आहे. रात्री वीज स्वस्त असते, तेव्हा तो आतल्या विटा तापवून ठेवतो आणि दिवसभर ऊब देतो.”

“मग देत का नाही? तुझी सासू दोन-दोन स्वेटर घालून बसते.”

“तेच तर! तुम्ही यायच्या आधी मस्त चालायचा.”

“रात्री बटण चालू ठेवावं लागतं त्याचं?”

“रात्रभर.”

“ते दाराजवळचं, लाल दिव्याचं?”

“हो. का?”

“चैत्राली, पुढच्या स्टॉपला उतरू. नवा हीटर नको.”

“अहो, पण आईंना थंडी...”

“झोपायच्या आधी घरातली सगळी बटणं मी बंद करतो. पुण्यातली सवय.”

“रोज?”

“न चुकता.”

“काय हे, बाबा! असू दे. आईंना नका सांगू, उगाच चिडतील तुमच्यावर.”

“सांगायलाच हवं. तीन आठवडे ती म्हणतेय, सून मुद्दाम हीटर बंद ठेवते. आणि मी बसलोय मान डोलवत.”