तिघींत मी बसले नाही

हो, मला काढलं त्या शोमधून. पण का काढलं ते माझ्याकडून ऐका.

परळच्या हॉलमध्ये ती टीव्हीवरच्यासारखी कुस्ती होती, हारजीत आधीच ठरलेली. मालकाने मला व्हिलन ग्रुपमध्ये टाकलेलं. आम्ही तिघी, काळी जॅकेटं, काळी लिपस्टिक. चाळीतली मावशी मला बघून म्हणाली, "जांभळां खाऊन इलंस काय गो?"

ठरलेलं असं, की मी एका नव्या पोरीला पाडायचं आणि मग तिघींनी मिळून तिला तुडवायचं. पाडलं मी. तिची पाठ मॅटला लागली, पंचाने तीन मोजले आणि माझा हात आपोआप पुढे गेला, तिला उठवायला. लालबागच्या तालमीत लहानपणापासून हेच केलंय ना!

तेवढ्यात आमच्या दोघी रिंगमध्ये घुसल्या. मी मध्ये उभी राहिले.

"बाजूला हो ना, स्क्रिप्ट आहे!" एक कानात पुटपुटली.

"तिची पाठ लागलीय. कुस्ती संपली. आता हात लावायचा नाही."

तिने तरी पाय उचलला. मग मी तिलाच उचलली आणि दोरांबाहेर नेऊन ठेवली. दुसरी आपणहून उतरली. पब्लिकने शिट्ट्यांनी हॉल डोक्यावर घेतला.

आत मालक लालेलाल. "तू ग्रुपमध्ये बसतच नाहीस! जॅकेट काढ."

दिलं काढून.

"आणि त्या दोघी भडकल्यात. गेटवर थांबल्यात तुझ्यासाठी."

म्हटलं, "थांबू देत की, सर. फक्त त्यांना सांगा, एकेकीने या."