तहसीलदारांचे ससे

हसू नका, पण निजामाच्या राज्यात मी आठ दिवस सशांचा हकीम व्हतो. तसा परंड्याच्या कचेरीत चपराशी. नवे तहसीलदार हैदराबादेहून सशांची जोडी अन् पोतंभर सुका घास घेऊन आले. सशांना इथं काय घालावं, म्हणून त्यांनी मलाच विचारलं.

"हुजूर, चारा एकदम बदलू नका. जुन्या घासात रोज मूठमूठ इथलं गवत मिसळा, न्हायतर पोट बिघडंल."

साहेब स्वतःच्या हातानं मिसळायचे. ससे टुणटुणीत!

त्याच हप्त्यात साहेब जन्मात पहिल्यांदा हुरड्याला गेले, अन् लसणाच्या चटणीसंगं चौघांचा हुरडा एकट्यानं खाल्ला. तीन दिवस हातातला लोटा सुटला न्हाय.

चौथ्या दिवशी कण्हत म्हणाले, "अरे, मेरेकू कायकू नै बोला?"

"हुजूर, तुम्ही सशांचं विचारलं व्हतं."