मोसमातलं शेवटचं जहाज

नाही हो मॅडम, ठेवा तो फोन पर्समध्ये, त्याचं काही ऐकू नका — तो आमच्या डॉमिनिकाची वेळ दाखवतोय, चार वाजून दहा मिनिटं, आणि जहाजाची वेळ वेगळी असते! मोठी जहाजं सगळी फ्लोरिडाहून येतात, त्यांची घड्याळं आमच्याहून तासभर मागं. म्हणजे तुमच्या जहाजावर आत्ता तीन दहा. साडेचारला शिडी उचलणार — अजून एक तास वीस मिनिटं आहेत, आणि धक्का इथून अर्ध्या तासावर. नवीन टॅक्सीवाल्यांना हे कळत नाही, पाहुण्यांना उगाच पळवतात. आणखी एक धबधबा दाखवू? नको? बरं, नको. धबधबे काय, सगळे वरून खालीच पडतात.

बारा वर्षं, मॅडम — बारा वर्षांत या इग्नेशियसच्या गाडीतला एकही पाहुणा धक्क्यावर मागं राहिलेला नाही. त्याआधीचं विचारू नका. — विचारलंत? सांगतो, माझी अब्रू तशीही गावभर सांडलेलीच आहे. त्याआधी मी स्वतःच्या लग्नाला तीन तास उशिरा पोचलो होतो. झालं काय, सूट-बिट घालून निघालो, तर किनाऱ्यावर जाळं ओढत होते. आता जाळं ओढताना दिसलं की जाणाऱ्यानं हात लावायचा, ही आमच्याकडची रीत, मग आपल्यालाही वाटा मिळतो. नवरदेव झाला म्हणून काय झालं? लावला हात. जाळं जड निघालं. वाटाही चांगला मिळाला, आणि तो वाटा घेऊन मी चर्चमध्ये — सूट गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात सात मासे. फादर जेवायला गेलेले, वऱ्हाड पांगलेलं. क्लोटिल्डाच्या घरी गेलो तर दाराआडून म्हणाली, 'मासे पायरीवर ठेव आणि जा.' ठेवले. तेव्हापासून अंगणात पाऊल नाही.

क्लोटिल्डा म्हणजे — अहो आत्ता जिच्या टपरीवर कोकोचा चहा प्यायलात ना, तीच. हो हो, तीच, तळलेली भाकरी दिली ती, माझ्याकडे बघून न हसणारी. तर गेल्या नाताळात चर्चच्या पायरीवर मला म्हणाली, 'इग्नेशियस, आणखी एक सबंध मोसम कुणाला मागं न ठेवता काढून दाखव, मग बघू.' मग बघू! बारा वर्षांत एवढं लांब वाक्य बोलली नव्हती. आणि आज मोसमातलं शेवटचं जहाज, मॅडम, शेवटच्या पाहुण्या तुम्ही. म्हणून तर तिच्या टपरीवर नेलं तुम्हाला — म्हणजे चहा चांगलाच असतो, पण खरं सांगायचं तर मिरवायला नेलं. आणि तुम्ही निघू निघू म्हणत होता तरी मी तिसरा कप घेतला, कारण तीही म्हणायला लागली ना, 'जा आता, इग्नेशियस, जा.' तीनदा म्हणाली. मला राग आला. म्हटलं आजही हाकलतेस? बसतोच मुद्दाम!

— थांबा हं, ओस्बर्नची गाडी. आमच्याकडे समोरून ओळखीचा आला की थांबून बोलावंच लागतं. काय रे ओस्बर्न? पाहुणीच आहे. धक्क्यावरच निघालोय… कसला भोंगा? जहाजाचा? दोनदा वाजला? अरे, जहाजावर आत्ता सव्वातीन… कुठून आलं म्हणतोस?… बार्बाडोसहून.

मॅडम, तुम्ही बार्बाडोसला चढलात का? सकाळीच सांगितलं होतंत? मी काय करत होतो? बोलत होतो. बरोबर, बोलत होतो.

घट्ट धरून बसा. बार्बाडोसचं आणि आमचं घड्याळ एकच, मॅडम. तुमचा फोन शहाणा, मी गाढव — एवढा शहाणा फोन सोडून तुम्ही माझं ऐकलंत, ही तुमची चूक, बाकी सगळी माझी. पंधरा मिनिटं आहेत. बाजूला हो रे, बाजूला हो! — आणि ती तीनदा 'जा' म्हणत होती. टपरीच्या भिंतीवर घड्याळ आहे तिच्या, जहाजंही पाठ आहेत तिला. हाकलत नव्हती, मॅडम. वेळेवर पोचवत होती मला. तिलाही हवं होतं! आणि मी फुंकर मारमारून तिसरा कप पितोय.

हे शेवटचं वळण. इथून धक्का दिसतो.

…

नाही मॅडम, ते दुसरं जहाज नाही. आज एकच होतं.

रडू नका हो, उद्या सकाळची बोट मार्टिनिकला जाते, जहाजही उद्या तिथंच असणार, मी स्वतः तुम्हाला — रडत नाही आहात? हसताय? हसा, हसा, मला बघून माणसं हसतातच, मी पण हसलो असतो, पण आत्ता मला खरंच — बारा वर्षं, मॅडम. पंधरा मिनिटांसाठी.

फोन वाजतोय. तिचाच. तिच्या टपरीवरून सगळा समुद्र दिसतो. तुम्ही उचलता का? नाही, नको. मीच.

हॅलो… हो. डोळ्यांसमोर गेलं… नाही, तिची काही चूक नाही, माझीच… हो, तू तीनदा म्हणालीस… हो, गाढव… काय?… हो… हो. बरं.

पाहुणीला घेऊन ये म्हणाली. मागच्या खोलीत गादी घालतेय तुमच्यासाठी. मला आत यायचं नाही, मी गाडीत झोपायचं. पण गाडी अंगणात लाव म्हणाली, मॅडम. अंगणात.

बसा नीट. आता काही बोलू नका माझ्याशी, मला रस्त्याकडे बघू द्या.