वाघरीचा वर्ग आन् दार

मापात आपला हात धरणारा सगळ्या आटपाडीत न्हाई गड्यांनो. चौथीत दोनदा बसलो, ते सोडा. नातीला शाळेनं मनासारखा वर्ग मांडून त्याची परिमिती आन् क्षेत्रफळ काढायला सांगितलेलं. मेंढरं विकल्यापासनं पडून असलेली वाघर, म्हंजे त्यांना कोंडायची जाळी, आमी अंगणात चौकोनी ताणली. आत बाक म्हणून पोती मांडली.

चार दिसांनी पोरगी बापाकडं कुपवाडला राहायला जाणार हुती. ती टेप धरून भाईरनं माप घेत हुती, तवर मी दारासाठी सोडलेली फट गुपचूप जाळीनं बुजवली.

“बघ, झाली का न्हाई परिमिती पुरी? आता कोण जातंय बघू!”

“आवं आजा, मी भाईर हाय. दारच न्हाई, तर सुट्टीला आत कुठनं येऊ?”