टाक त्यांचे, सुपारी माझी

आमचं मूळ उदगीरकडचं, पण मी जन्मले-वाढले इथंच, तेलुगू मुलखातल्या ह्या शहरात, वडील आबिड्सला कापडाच्या दुकानात होते, आणि लग्न होऊन नल्लकुंट्यात आले ती अजून तिथंच आहे. सासरी दोघे भाऊ, दोघांची नोकरी शहरात, आणि थोरल्या जाऊबाई, सुशीलाक्का, आणि मी एकाच स्वयंपाकघरात. काय सांगू तुम्हाला, आमचं कधी भांडण झालं नाही. झालं ते देवांवरून, आणि तेही माझ्या मनातल्या मनात.

वेगळं राहायचं ठरलं तेव्हा रीतीप्रमाणे देव थोरल्याकडे गेले. देव म्हणजे टाक, चांदीच्या पत्र्यावर उठवलेले, भवानीचा, खंडोबाचा, पूर्वजांचा, पूजेनं झिजून गुळगुळीत झालेले. धाकट्यानं नवे घडवायचे, पण आम्हाला कुठली चांदी? सासूबाई म्हणाल्या, सुपारी मांड, तिलाच देवी म्हण. मांडली. पण अक्का टाक लाल फडक्यात बांधून रिक्षात बसल्या ना, तेव्हा वाटलं, घरातली लक्ष्मीच उठून चालली.

आणि झालंही तसंच बघा. सरकारनं बाजार मोकळा केला म्हणायचे तो काळ. भावजींनी नोकरी सोडून दिलसुखनगरला कॉम्प्युटरचे क्लास काढले, तर जिन्यापर्यंत पोरांची रांग. आमच्या ह्यांच्या कारखान्याला कुलूप लागलं. त्यांच्याकडे फ्रिज आला, गाडी आली, पोरगी अमेरिकेला दिली, मुलगाही मागोमाग गेला. दरवेळी अक्का म्हणणार, देवाची कृपा गं. मी म्हणायची, हौ अक्का, देव तुमच्याकडेच तर आहेत. टोमणा त्यांना कळायचाच नाही, त्या पेढा द्यायच्या. पेढाही मेला चांगला असायचा.

हे धसक्यानं अंथरुणाला लागले, तेव्हा मी पुढच्या खोलीत साडीला फॉल-पिको करायची मशीन टाकली. सकाळी सुपारीला आंघोळ घालायची आणि सांगायची, तुला दिसतंय ना, मग बघ. रडणं मला जमत नाही. एकदा सुपारी किडली, भोकं पडली. इतका राग आला, म्हटलं अक्काच्या देवांना कीड लागत नाही. दुसरी आणून ठेवली आणि तिलाही तेच सांगायला लागले. खोटं कशाला बोलू, तिनं बघितलं. मशीन बिघडली की शेजारची यादम्मा आपली द्यायची, म्हणायची, नी पनी कानी, तुझं काम होऊ दे आधी. चूल विझली नाही. हे हळूहळू उठून बसले, रिळं भरायला लागले, मग आबिड्सला एका दुकानात उभे राहिले. पण माझं लक्ष आपलं अक्काच्या गाडीकडे.

मग एक दिवस तीच गाडी आमच्या दारात. अक्काच्या हातात लाल फडकं. म्हणाल्या, लेकीचं बाळंतपण आहे, आम्ही दोघंही चाललो, घराला कुलूप, देवांना पाणी कोण घालणार, तू ठेव गं. इतकी वर्षं ज्यांच्यापायी जळले ते आपल्या पायांनी आले. आत येऊन देव्हाऱ्यात बघून म्हणाल्या, आता खरे देव आले, ही सुपारी तुळशीत टाक. मी म्हटलं, नक्को अक्का, ती राहील, अडचणीत हाक मारली तेव्हा घरात तीच होती. त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं. मग म्हणाल्या, तुझं बरं आहे, तुझ्या घरात संध्याकाळी दिवा लावायला माणसं आहेत. घ्या! हेवा तेवढा माझ्याकडे होता, तोही अक्कांनी घेतला.

त्या तिकडेच रमल्या. रविवारी फोन येतो, देवांना आंघोळ घातलीस का? घालते की. वरच्या पायरीवर सुपारी, खाली टाक, एवढं मात्र त्यांना सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. त्यांची नातवंडं सुखी राहोत, आणि तिकडेच राहोत. उद्या मागायला आल्या तर टाक धुऊन पुसून देईन. सुपारी देणार नाही.