गाठीलाही कळवा

साहेब, ‘वेळीच तपासा’ असा फलक तुम्ही लावलात, तोही दोन वर्षं बंद असलेल्या स्तनतपासणीच्या खोलीच्या दारावर. काल तिथे माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या.

“वहिनी, कुलूपच आहे.”

“माझ्या वेळीही होतं. मशीन येईल म्हणून थांबले, तोवर एक बाजू काढावी लागली.”

“आता त्रास होतो?”

“ब्लाउजात एकीकडे कापूस भरते. घाईत कधी भलत्याच बाजूला कोंबते.”

“वहिनी!”

“हसतेस काय? खिडकीत विचार.”

खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला, “मशीन आलं की कळवू.”

वहिनी पुढे सरकली. “मग हिच्या छातीतल्या गाठीलाही कळवा. मशीन येईपर्यंत वाढू नकोस म्हणावं. आणि ती काय म्हणाली, ते आम्हाला लेखी द्या.”